रुळांखालचा रंगमंच

मायन्झ, ८ एप्रिल २००६

शोभना,

फोन केला की मालिनीताई म्हणतात, तू झोपली आहेस. सकाळी केला तरी तेच, संध्याकाळी केला तरी तेच. तुझ्या थोरल्या बहिणीला प्रत्येक वेळी हे सांगायला लावायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं, म्हणून लिहितोय. वाचलं नाहीस तरी चालेल.

इथं सगळं ठीक आहे. इमारतीची देखभाल बघणारा हाउसफरवाल्टुंगचा माणूस येऊन हीटरचे मीटर बघून गेला. तळघरात सायकली ठेवू नका म्हणाला. आता एकच आहे, माझी. ती मी वर गॅलरीत आणून ठेवली.

सप्टेंबरमध्ये आपल्या गौरांगच्या अस्थी घेऊन तू वाईला गेलीस, तेव्हा सगळं उरकून परत यायचं ठरलं होतं. मग तू कळवलंस की नोकरी सोडून तुम्हीच इकडे या, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. मी इथंच राहिलो. सकाळी उठतो, पूल ओलांडून कंपनीत जातो, गिअरबॉक्सच्या चाचण्यांचे आलेख बघतो, परत येतो. लोकांना वाटतं मी सावरलो. बॉसने तेव्हा सगळ्यांना ईमेल पाठवली होती, त्यामुळे माझ्या तोंडाने कुणाला काही सांगायची वेळच आली नाही. पोलिसांनी त्यांचं लिहून घेतलं, अंत्यसंस्कारवाल्यांनी त्यांचं. मी फक्त मान हलवत होतो.

सांगायचं ते वेगळंच आहे. काल फ्राऊ डेर्नबाखचा फोन आला. तुला आठवत असेल, स्टेशनमागच्या रोमन थिएटरच्या उत्खननात गौरांग शनिवारी जायचा, तिथल्या बाई. पूर्वी शाळेत लॅटिन शिकवायच्या. तो चिखलाने भरलेली पँट घालून यायचा आणि तू त्याला दारातच उभा करायचीस. गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, नंतर त्या कित्येक महिने बहिणीकडे उत्तरेला होत्या. त्यांना काहीच माहीत नाही. पेपरातही नाव नव्हतं आलेलं, नुसतं ‘एकोणीस वर्षांचा सायकलस्वार’.

त्यांनी विचारलं, काम परत सुरू होतंय, गौरांग येणार का?

मी म्हणालो, “गौरांग आता बर्लिनला असतो.”

“गेनाऊ, बरोबर, आर्किटेक्चर,” त्या म्हणाल्या. “ऑक्टोबरमध्ये जाणारच होता. एक कार्डसुद्धा पाठवलं नाही पठ्ठ्याने.” मग त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

मी काही ठरवून खोटं बोललो नाही. प्रवेश मिळाला होता, तो खोली शोधत होता, ऑक्टोबरमध्ये जायचं हेही पक्कं होतं. ते वाक्य तोंडात तयारच होतं.

नागेश


मायन्झ, १४ मे २००६

शोभना,

मी तिथं जाऊन आलो. का गेलो ते विचारू नकोस. फ्राऊ डेर्नबाखचा पुन्हा फोन आला, माणसं कमी पडताहेत, तुम्ही इंजिनिअर आहात, फावडं धरता येत असेल, असं म्हणाल्या. मी त्याचे गमबूट घालून गेलो. ते मला बरोबर होतात.

आपण या गावात इतकी वर्षं राहतोय आणि त्या स्टेशनवरून हजारदा गाडी पकडली असेल, पण मी कधी भिंतीपलीकडे मान वर करून बघितलं नव्हतं. फलाटाला लागूनच आहे सगळं. वर किल्ल्याची टेकडी, आणि तिच्या उतारावर अर्धवर्तुळात प्रेक्षकांच्या बसायच्या रांगा होत्या. आता दगड काही उरलेले नाहीत. किल्ला बांधताना लोकांनी ते उपसून नेले. उरलाय तो भिंतींच्या आतला गाभा, चुना आणि गोटे एकत्र ओतून केलेला. हा गाभा मात्र हलत नाही. मी हात लावून पाहिला. आपल्या काँक्रीटपेक्षा खरखरीत आहे, पण काम पक्कं आहे.

तो जेवताना हे सगळं सांगायचा, आठवतं? आपण मराठीत विचारायचो, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. तू म्हणायचीस, घास गिळ आधी. ग्रीक लोक थिएटरसाठी डोंगराची कूस शोधायचे, तिच्यातच पायऱ्या कोरायचे, आणि मधे पूर्ण गोल जागा ठेवायचे, नाचणाऱ्यांसाठी. त्या गोलाला ऑर्केस्ट्रा म्हणायचे. मी त्याला म्हटलं होतं, आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवात गाणी म्हणणारी पार्टी. तो हसला होता. रोमन लोकांनी तो गोल अर्धा कापला, रंगमंच पुढे आणला, त्याच्यामागे उंचच उंच भिंत उभी केली, आणि डोंगर नसेल तिथे कमानींवर कमानी रचून स्वतःचा डोंगर केला. ग्रीक प्रेक्षकाला नटाच्या डोक्यावरून समुद्र दिसायचा, रोमन प्रेक्षकाला फक्त भिंत. यातलं चांगलं काय, यावर तो एकदा तासभर बोलला. तेव्हा माझं अर्धं लक्ष बातम्यांकडे होतं.

इथल्या थिएटरचा रंगमंच बराचसा रुळांखाली गेलाय. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा खणणाऱ्यांना जुन्या भिंती लागल्या, पण त्या कसल्या हे कुणाला कळलं नाही. आता उतारावर उभं राहिलं की नटांच्या जागी फ्रँकफर्टला जाणारी गाडी उभी दिसते. दारं उघडतात, माणसं उतरतात, दारं मिटतात.

मी दिवसभर माती वाहिली. कुणी काही विचारलं नाही. फ्राऊ डेर्नबाखनी तेवढं विचारलं, त्याला खोली कुठे मिळाली.

मी म्हणालो, बर्लिनच्या वेडिंग भागात.

नागेश


मायन्झ, १८ जून २००६

शोभना,

वर्ल्ड कपमुळे गावभर झेंडे लागलेत. खालच्या श्नायडरबाईंनी पण गॅलरीत एक लावलाय. माझ्या दारावर कुणीतरी छोटासा चिकटवून गेलं. मी तो तसाच ठेवलाय.

शनिवारी मी थिएटरवर जातो. बाकीच्या दिवसांपेक्षा ते बरं असतं, हात चालत राहतात. फ्राऊ डेर्नबाख थर्मासमधली कॉफी देतात आणि त्याची चौकशी करतात. त्याला खोली मिळालीय, बरोबर दोन मुलं राहतात, त्यातला एक न्युरेम्बर्गचा आहे. स्वयंपाक आळीपाळीने करतात. तो खिचडी करतो आणि त्या मुलांना ती आवडते. यु-बानने, भुयारी गाडीने, कॉलेजला जातो, उन्हाळ्यात सायकल घेईन म्हणतो, मी नको म्हटलंय. हे मी त्यांना सांगितलं. विचार करावा लागत नाही, एकातून एक येत जातं. बोलताना मला काही वाटत नाही. घरी आल्यावरही काही वाटत नाही.

बाईंनी मला टेकडीवर नेऊन एक जुना बुरूज दाखवला. द्रूसुस नावाचा सरदार होता, सम्राटाचा सावत्र मुलगा. मोहिमेवर असताना घोड्यावरून पडला आणि त्यात वारला. ऐन तारुण्यात. भाऊ घाईघाईने घोडा दौडवत आला आणि मग प्रेताबरोबर पायी रोमपर्यंत गेला. अस्थी रोमला ठेवल्या. पण इथल्या सैनिकांनी त्याच्यासाठी ही समाधी बांधली. आत काही नाही, रिकामी. बाई म्हणतात, दर वर्षी त्याच्या नावाने इथं मोठा सोहळा व्हायचा, दूरदूरचे लोक यायचे, आणि एवढ्याशा छावणीच्या गावात एवढं प्रचंड थिएटर बांधलं ते बहुधा त्या सोहळ्यासाठीच.

मी विचारलं, दर वर्षी म्हणजे किती वर्षं?

त्या म्हणाल्या, शतकं.

मी खाली येऊन परत माती भरायला लागलो.

नागेश


मायन्झ, २ जुलै २००६

शोभना,

मी बर्लिनला जाऊन आलो.

झालं असं की, मी बोलता बोलता म्हणून गेलो, या शनिवारी येणार नाही, त्याला भेटायला जातोय. शुक्रवारी संध्याकाळी बाई आपल्या दारात हजर. काठी टेकत तीन जिने चढून आल्या. हातात श्ट्रॉइझेलकुखेनचा डबा. म्हणाल्या, उत्खननावर तो हा केक सगळ्यांच्या आधी संपवायचा, त्याला द्या. त्याच्या खोलीचं दार बंद होतं. त्यांनी तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, घर रिकामं वाटत असेल. मी हो म्हटलं.

केक घरात ठेवून काय करायचं होतं? सकाळी स्टेशनवर गेलो आणि तिकीट काढलं.

आदल्या दिवशी जर्मनी जिंकली होती. गाडीत सगळी तरुण पोरं, गालांवर रंग, काही उभ्याउभ्या पेंगणारी. बर्लिनला नवीन स्टेशन झालंय, काचेचं. तिथून वेडिंगला गेलो. कुठे जायचं हे माहीत नव्हतं, मी सांगितलेल्या खोलीला पत्ताच नव्हता. एका रस्त्याने चालत राहिलो. तुर्की भाजीवाले, सायकलींची दुकानं, एका खिडकीत वाळत घातलेले मोजे. त्याला आवडलं असतं. कॉलेजची इमारतही बाहेरून पाहिली. शनिवार असल्यामुळे आत कुणी नव्हतं.

बागेत एका बाकावर बसून मी तो केक खाल्ला. सगळा. पोट भरलं तरी खात राहिलो. मग डबा नळावर धुतला आणि परतीच्या गाडीत बसलो.

आज बाईंना फोन केला. म्हणालो, त्याला केक फार आवडला.

नागेश


मायन्झ, ६ ऑगस्ट २००६

शोभना,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आतापर्यंतची नसतील वाचली असं मी धरून चाललो होतो. तिथेच माझं चुकलं.

गेल्या रविवारी मालिनीताईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, नागेशराव, तुम्ही पत्रांतून काय लिहिता हिला? वर्षश्राद्धाची तिथी आली, भटजींना सांगून ठेवलं होतं, तर ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, “जिवंत मुलाचं श्राद्ध करतात का?” आणि भटजींना परत पाठवलं. आळीत सगळ्यांना सांगत फिरतेय, मुलगा बर्लिनला शिकतो. बऱ्याच दिवसांनी नीट जेवतेय, म्हणून मी आधी काही बोलले नाही, असंही त्या म्हणाल्या. मग रडायला लागल्या.

आणि मंगळवारी तुझं पत्र आलं. जवळजवळ वर्षाने तुझं अक्षर पाहिलं.

“अहो, गौरांगला खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. वेडिंग कुठल्या बाजूला? वस्ती चांगली आहे ना? थंडीआधी त्याचं जाड जाकीट पोचतं करा, कपाटात वरच्या फळीवर आहे. थालीपिठाची भाजणी करून ठेवली आहे, तिकडे येणारं कुणी असलं तर कळवा.”

तुला खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. तू माझ्याशी बोललीस. मी त्याच्या खोलीत गेलो, कपाट उघडलं, जाकीट खाली काढलं, घडी करून पिशवीत घातलं. पिशवी दाराशी आणून ठेवली. बूट घालायला लागलो. आणि मग मला कळेना की आता ही पिशवी घेऊन मी जाणार कुठे. मी तसाच उभा राहिलो. गेल्या वर्षभरात मला कशाचीच भीती वाटली नव्हती. त्या क्षणी वाटली. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

काल मी थिएटरवर गेलो. फ्राऊ डेर्नबाख उतारावर घडीच्या खुर्चीत बसून खापरांचे तुकडे ब्रशने साफ करत होत्या. बाकीचे खाली होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “माइन झोन इस्ट टोट.” माझा मुलगा मेला आहे. एवढी वर्षं जर्मन बोलतोय, पण हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. मराठीतही नाही. चार शब्द आहेत, व्याकरणही सोपं आहे.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. कधी, म्हणून विचारलं. मी म्हणालो, गेल्या ऑगस्टमध्ये. मग त्यांनी विचारलं, त्या केकचं काय झालं? मी सांगितलं. त्यांनी मांडीवरची खापरं बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “तुम्ही एकट्याने तो खाल्लात, याचं मला सर्वांत वाईट वाटतंय.” मला वाटलं होतं, आता त्या मला जायला सांगतील. त्यांनी त्याच्या आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. शोभना, त्यांनी म्हणून पाहिलं, श नीट जमला.

आता तुला सांगतो. तू त्याला पाहिलं नाहीस. हॉस्पिटलमध्ये मीच तुला दाराबाहेर बसवलं, तुला सोसणार नाही म्हणून. पुढे पेटी बंद होती आणि मग हातात आला तो कलश. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला गौरांग म्हणजे सकाळी दाराशी हेल्मेट शोधणारा. तो तिथून कुठेही गेलेला असू शकतो, अगदी बर्लिनलासुद्धा. मी मात्र पाहिलंय, तेव्हा हे मीच तुला सांगायला हवं होतं.

त्याला आणि ट्रकला, दोघांनाही हिरवा दिवा होता. तो सरळ निघाला होता, ट्रक उजवीकडे वळला. ड्रायव्हरला तो दिसलाच नाही. गौरांग फार वेळ शुद्धीत राहिला नाही, डॉक्टरांनी मला तसं सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्याच्या चेहऱ्याला काही झालं नव्हतं. डाव्या भुवईवर थोडी माती होती, ती मी पुसली. हात थंड होता, पण नखांत उत्खननातली माती तशीच होती. मी त्याच्याशी मराठीत बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

वेडिंगमध्ये कुणी राहत नाही. न्युरेम्बर्गचा मुलगा नाही, खिचडी नाही. मी रचलं ते सगळं. गौरांग बर्लिनला गेला नाही, शोभना. गौरांग गेला.

तू माझ्यावर रागाव, पत्र फाड, मालिनीताईंना सांग की यांचं पुन्हा नाव काढू नका. पण भटजींना परत बोलाव.

नागेश


मायन्झ, १ ऑक्टोबर २००६

शोभना,

काल फोनवर मी काहीच बोललो नाही, म्हणून हे लिहितोय. तू “अहो” म्हणालीस आणि मला वाटलं, मालिनीताई रिसीव्हर घेऊन पुढे बोलतील. मग कळलं, तूच आहेस. नंतर तू रडत होतीस आणि मी ऐकत होतो. मला रडू येत नव्हतं. ते अजून येत नाही, त्याला मी काय करू? पण मी फोन ठेवला नाही, कान दुखायला लागला तरी.

ऑगस्टभर तू जेवली नाहीस, बोलली नाहीस, हे मालिनीताई कळवत होत्या. मी तुझं बरं केलं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. आताही येत नाही. सर्वपित्रीला त्यांच्या मुलाने पान वाढलं आणि तू शेवटी उठून त्या पानावर स्वतः भाजणीचं थालीपीठ ठेवलंस, असं म्हणालीस. भटजी काही म्हणाले नाहीत ना? म्हणाले असते तरी बिघडलं नसतं.

तू विचारलंस, तो तिथं नेमका कुठे खणायचा. मी आज सकाळी बाईंना विचारलं. वरच्या बाजूला, दोन भिंतींच्या मधे, प्रेक्षक आत शिरायचे त्या बोळासारख्या वाटेत. गर्दी आत यायला आणि खेळ संपल्यावर झटकन बाहेर पडायला रोमन लोक अशा वाटा ठेवायचे. त्याने ती वाट खालपर्यंत मोकळी केली होती. उत्खननावरचे त्याचे जुने सोबती सांगतात, तो कामाच्या वेळी गाणी गुणगुणायचा, कुठली ते कुणाला कळायचं नाही, भाषा वेगळी होती. म्हणजे मराठी असणार. आपल्याशी मराठीत बोलायचा नाही आणि तिथे गायचा.

थंडी सुरू झाल्यामुळे भिंतींवर आता कापड घालतील. पाणी मुरून गोठलं की जुना चुना फुटतो. शनिवारी त्यासाठी जायचंय.

नागेश


मायन्झ, ४ मार्च २००७

शोभना,

तिकिटाची तारीख मालिनीताईंनी कळवली. किती दिवस राहणार ते मी विचारत नाही. आलीस की बघू. परत जायचं ठरलं तर या वेळी मी तुझ्याबरोबर येईन. कंपनीत तसं बोलून ठेवलंय.

विमानतळावर येऊ नका म्हणालीस. तू तो कलश घेऊन आत गेलीस ते दार मलाही पुन्हा बघायचं नाही, त्यामुळे बरंच झालं. एकटी येशील, फक्त एवढं लक्षात ठेव. सामान घेऊन खाली रेल्वेच्या स्टेशनवर उतर आणि एस-आठ ही लोकल घे, मायन्झ-वीसबाडेनकडे जाणारी. गाडी पूल ओलांडते, खाली ऱ्हाईन दिसते. पूल संपला की लगेच उतरायचं. तू पाटीवर ‘मायन्झ स्यूड’ शोधशील, पण ते नाव डिसेंबरात काढलं. आता तिथे ‘मायन्झ रोमिशेस थिएटर’ लिहिलंय. स्टेशन तेच आहे, घाबरू नकोस.

घर मी झाडून ठेवलंय. त्याच्या खोलीतलं काही हलवलेलं नाही, फक्त जाकीट खुर्चीवर आहे. ते कुठे ठेवायचं ते तू सांग. फ्राऊ डेर्नबाख भेटायला येणार म्हणतात, मी म्हटलं, आधी तिला येऊ दे.

आधी घरी जायचं नसेल तर नको जाऊया. फलाटावरून वर जायला पायऱ्या आहेत, कठडा धरून चढता येतं. तो खणायचा ती वाट दाखवतो, मग बसू तिथेच, रुळांकडे तोंड करून. भाजणी आणणार असशील तर पिशवीत वरच ठेव, भूक लागेल.

मी फलाटावर असेन.

नागेश